मूल उठतं कसं?

चालायला शिकणारं मूल पडणारच. पण चार वर्षांचा मुलगा सपाट फरशीवर रोज पडतो, जिना चढताना कठडा सोडत नाही, तरी घरचे त्याला वेंधळा ठरवून मोकळे होतात. मग त्याच्याकडे नीट बघणंच थांबतं.

जेवण झाल्यावर तो मांडी मोडून उठतो कसा, ते एकदा पाहा. आधी ओणवा होतो, हात जमिनीला टेकतो, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरदार. आजीला त्यांचं कौतुक! असं उठणं आणि अशा पोटऱ्या ही डुशेन या स्नायूंच्या आजाराची खूण असू शकते. हा आजार बहुतांशी मुलग्यांनाच होतो. रक्तात सीपीके हे स्नायूंमधलं विकर (एन्झाइम) फार वाढलेलं निघालं, तर पुढे जनुकीय चाचणी करतात. आजार पूर्ण बरा होत नाही, हे खरं. तरी वेळीच निदान झालं तर औषधोपचारांनी मुलाचं चालणं अधिक काळ टिकवता येतं आणि पुढच्या गरोदरपणाआधी आईला योग्य सल्ला मिळतो. ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणत वर्षं घालवली, की नेमकं हेच हातचं जातं.

पडण्याचं कारण दरवेळी स्नायूच असतील असं नाही; तोल कान, डोळे आणि लहान मेंदूही सांभाळतात. दीड वर्षाचं होऊनही मूल चालत नसेल, येत असलेलं चालणं बिघडत असेल, पडण्याबरोबर ऐकूही कमी येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कालपर्यंत धावणारं मूल आज झोकांड्या खात असेल किंवा सकाळी डोकं दुखून उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अचानक झोकांड्या औषधानेही जाऊ शकतात, म्हणून घरातल्या कुणाच्या फिटच्या गोळ्या त्याच्या हाती लागल्या नाहीत ना, तेही बघा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यावं, अशी योजना आहे. वजन-उंचीबरोबर प्रत्येक मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगायला कितीसा वेळ लागतो? सेविका तर त्याला रोज बघते. तिने शंका काढली तर ती नोंदवून घ्यायलाच हवी. दवाखान्यात मूल आईच्या मांडीवरून उतरत नाही, म्हणून घरीच मोबाइलवर त्याचं उठणं आणि जिना चढणं टिपून न्या. डॉक्टरांनी घाईत टाळलं, तरी ते बघायचा आग्रह धरा.