चप्पल काढायला सांगणारा डॉक्टर हवा

‘शुगर निघाली’ हे शब्द आता आपल्या वस्तीत नवे राहिले नाहीत. दवाखान्यात बोटातून रक्त घेतात, गोळ्या लिहून देतात. पण चप्पल काढा, पाय दाखवा, असे किती डॉक्टर सांगतात? मधुमेहात हळूहळू पाय बधिर होतात. काच रुतली तरी कळत नाही. जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. सफाई कामगाराचा पाय गेला म्हणजे घराची भाकरी गेली.

महाराष्ट्रात ॲलोपॅथी डॉक्टरांना नोंदणी टिकवण्यासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. डॉक्टरांनी शिकत राहावे, हा नियम चांगलाच आहे. पण व्याख्यानाला हजेरी लावली म्हणजे रुग्णाचे भले झाले, असे नाही. या शिक्षणात पाय प्रत्यक्ष तपासणे आणि परवडेल असा आहार समजावणे आलेच पाहिजे. रेशनच्या तांदळावर दिवस काढणाऱ्याला ‘फळे, सॅलड खा’ सांगून काय उपयोग? आणि हे शिक्षण डॉक्टरांपुरते नको. नर्स आणि आशाताईंनाही ते मिळावे, कारण आपल्या दारापर्यंत त्याच येतात.

तोवर आपण विचारायला शिकू. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी कधी झाली? वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पाय तपासले का? असे विचारणे हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. पुढच्या खेपेला खुर्चीत बसताच म्हणा, ‘डॉक्टर, माझे पायही बघा.’