आधी सांगा, मग मोजा!

बारावीच्या केमिस्ट्री लॅबमधला किप्स अ‍ॅपरेटस आठवतो? आयर्न सल्फाइडवर अ‍ॅसिड पडलं, की सडक्या अंड्यांचा वास लॅबभर! तोच हा हायड्रोजन सल्फाइड. या वायूने 2015 साली सुपरकंडक्टिव्हिटीचं तोवरचं रेकॉर्ड मोडलं. मला मात्र त्या रेकॉर्डपेक्षा त्याआधी मांडलेला हिशोब जास्त मोलाचा वाटतो.

पाऱ्याचा विद्युतरोध 4.2 केल्विनला शून्य होतो, हे 1911 मध्ये कळलं. त्यानंतर नवे सुपरकंडक्टर बहुधा चाचपडतच सापडले. 1986 ची सिरॅमिक्स काय किंवा 2001 चं मॅग्नेशियम डायबोराइड काय, थिअरीने आधी बोट दाखवलं नव्हतं.

2014 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर गणित मांडलं. प्रचंड दाबाखाली अणूंची कोणती रचना टिकेल, ते कसे थरथरतील, त्यातून इलेक्ट्रॉनच्या जोड्या किती घट्ट जमतील? एका गटाने सांगितलं, 160 गिगापास्कलला हायड्रोजन सल्फाइड धातू बनून साधारण 80 केल्विनला सुपरकंडक्टर होईल. दुसऱ्या गटाने जास्त हायड्रोजन असलेल्या संयुगासाठी 200 गिगापास्कलला 191 ते 204 केल्विन हा आकडा दिला.

जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये मिखाइल एरेमेट्स यांच्या टीमने हा वायू दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबला. दाब वातावरणाच्या सुमारे पंधरा लाख पट! तापमान निघालं 203 केल्विन, म्हणजे उणे 70 सेल्सियस. मग 80 चं भाकीत वाया गेलं का? मुळीच नाही. फरक एवढा मोठा का, हे शोधताना कळलं की दाबाखाली एच-टू-एस फुटून एच-थ्री-एस बनतो. त्याला दुसऱ्या गटाचा आकडा चपखल बसला.

याच्या उलट गोष्टही आहे. 2020 मध्ये कार्बन, सल्फर आणि हायड्रोजनच्या संयुगात चक्क 15 अंश सेल्सियसला सुपरकंडक्टिव्हिटी मिळाल्याचा पेपर 'नेचर'मध्ये आला. डेटावर केलेल्या प्रक्रियेबद्दल शंका निघाल्या आणि 2022 मध्ये 'नेचर'ने तो मागे घेतला.

मित्रांनो, आपल्या प्रॅक्टिकलमध्ये काय चालतं? उत्तर आधीच ठाऊक, सीनियरचं जर्नल हॉस्टेलभर फिरलेलं, रीडिंग्ज त्यावर बसवलेली. एरर दोन टक्के, सही मिळाली, विषय संपला! यात भाकीतही नाही आणि शोधही नाही.

माझी सूचना साधी आहे. मशीनला हात लावण्याआधी अपेक्षित आकडा पेनने जर्नलमध्ये लिहायचा आणि सरांची सही घ्यायची. नंतर तो खोडायचा नाही. व्हायव्हात प्रश्न एकच, फरक का पडला? मार्क त्या उत्तराला. सिलॅबस मागे पडेल म्हणाल, तर हे पाच मिनिटांचं काम आहे. एरर शून्य आणणाऱ्यापेक्षा एररचं कारण सांगणारा इंजिनियर पुलाला आणि बॉयलरला जास्त लागतो. पटतंय ना?