आमच्या लग्नाच्या साक्षीदारास

आदरणीय सर,



हे पत्र पोस्टाने तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण झालं ते भर सभेत, माईकवर झालं. तेव्हा तक्रारही चारचौघांतच व्हावी असं मी ठरवलं. तुमचं नाव लिहीत नाही, व्याख्यानमालेचंही नाही. त्या संध्याकाळी जे हजर होते त्यांना कळेल. बाकीच्यांना नावाशी काही कर्तव्य नाही.

‘देव आहे की नाही?’ असा परिसंवाद होता. एका बाजूला कीर्तनकार महाराज, दुसऱ्या बाजूला तुम्ही. तुम्ही आग्रहाने बोलावलंत म्हणून आम्ही तिघंही आलो होतो. वाद चांगला रंगला, हे मी आजही मान्य करीन. जगात इतकं दुःख असताना दयाळू देव कसा मानायचा, हा तुमचा मुद्दा तुम्ही किल्लारीपासून उचललात. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून झोपलेली माणसं पहाटेच्या भूकंपात गाडली गेली, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ढिगारे उपसायला जे हात धावले ते कुणाचे, असं महाराजांनी विचारलं, तेही काही अगदीच टाकाऊ उत्तर नव्हतं. मी माझ्यापुरती नास्तिक आहे, पण अशी जुगलबंदी मला आवडते.

आणि मग तुम्ही दुसऱ्या रांगेकडे बोट केलंत. “इथे एक मुलगी बसली आहे. आई हिंदू घरातली, वडील वसईचे कॅथलिक. जन्मापासून तिच्यावर कुणी कुठलाही धर्म लादला नाही. कोरी पाटी! तिलाच विचारू या.” कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. चौदा वर्षांची पोर. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मला माहीत नाही. पण मी प्रार्थना करते.”

सर, तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. “म्हणजे लस टोचूनही गोवर निघालाच म्हणायचा!” सभागृह खो खो हसलं. हशा ओसरायच्या आत महाराजांनी माईक ओढला, “माउली, देव आपलं लेकरू बरोबर शोधून काढतो!” आणि त्यांच्या बाजूच्या टाळ्या पडल्या. लेक खाली बसली. कार्यक्रमपत्रिकेची घडी घालत राहिली; घडीवर घडी, पुढे कागद वाकेना तरी नखाने दाबत राहिली. घरी पोचेपर्यंत बोलली नाही.

महाराजांवर माझा राग आहे, पण त्यांच्याकडे मी काय मागणार? त्यांची माझी ओळख नाही. तुमची आहे. विशेष विवाह कायद्याच्या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटीस लागून तीस दिवस झाले, आणि सही करायच्या दिवशी माझे वडील आले नाहीत, ह्यांची आई आली नाही. तुम्ही आलात, पेढ्यांचा पुडा घेऊन आलात, आणि पहिल्या साक्षीदाराच्या रकान्यात तुमची सही आहे. रजिस्ट्रारच्या खोलीबाहेरच्या बाकावर तुम्ही आम्हाला म्हणाला होतात, “मुलं झाली तर त्यांच्यावर काही लादू नका. मोठी होऊन निवडतील.” आम्ही ते ऐकलं, सर. नुसतं ऐकलं नाही, तसं वागलो.

पण तुम्हाला ते कधी नीट दिसलंच नाही, कारण तुमच्या डोक्यात ‘कोरी पाटी’ होती. आमच्या घरात पाटी कोरी कधीच नव्हती. डोंबिवलीच्या आजीकडे देवघर आहे, तिन्हीसांजेला रामरक्षा आहे. लेकीला ती शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहे. वसईच्या आजीकडे नाताळात गोठा रचायचा मान तिचा. गुड फ्रायडेला आजीबरोबर उपास धरायचा, असा तिचा स्वतःचाच हट्ट. १७३९ सालची वसईची लढाई तर आमच्या जेवणाच्या टेबलावर अजूनही अधूनमधून लढली जाते. तिचा मामा चिमाजी अप्पांचा, तिचा काका गावाच्या चर्चचा, आणि ती दोघांच्या ताटातलं पळवणारी. तुम्ही दिलेली पुस्तकंही तिच्याच कपाटात आहेत, आगरकरांची, रघुनाथ धोंडो कर्व्यांची. काही न दाखवता ‘निवड’ म्हणणं ही थट्टा झाली असती. आम्ही सगळं दाखवलं, आणि कुठल्याही दारावर कडी घातली नाही.

हे सोपं गेलं असं समजू नका. तिच्यावर हक्क सांगायला दोन्हीकडे नियम तयार होते. हिंदू विवाह कायद्याच्या व्याख्येत आई-बापांपैकी एक जण हिंदू असला आणि मूल त्याच्या समाजात वाढलं, की ते हिंदू. कॅथलिक चर्चच्या नियमांत मिश्र विवाह करणाऱ्या कॅथलिकाकडून मुलांच्या स्नानसंस्काराचं वचन घेतात. आम्ही चर्चमध्ये लग्नच लावलं नाही, त्यामुळे वचनाचा प्रश्न आला नाही, पण सासूबाईंच्या जिवाला तो घोर होताच. तान्हेपणी लेकीला एकदा सणकून ताप आला तेव्हा तिला त्यांच्याकडे ठेवून आम्ही औषधाला धावलो होतो. जिवाला धोका असेल तर कुणीही माणूस पाणी घालून स्नानसंस्कार देऊ शकतो, असंही त्यांच्याकडे आहे. त्या दिवशी त्यांनी काय केलं ते मी आजवर विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

पुढे त्या रीतसर फादरांकडे गेल्या. फादरांनी काय सांगितलं, माहीत आहे? आई-वडिलांपैकी निदान एकाची तरी संमती हवी, ती नसेल तर मला हा संस्कार देता येणार नाही. मुलगी मोठी होऊ द्या. सासूबाई घरी आल्या, मुकाट्याने भाकऱ्या थापायला बसल्या, आणि तो विषय त्यांनी परत काढला नाही. माझ्या आईने मात्र बारशाला ‘गोत्र कुठलं सांगायचं गं हिचं?’ असं सगळ्यांसमोर विचारून घेतलं होतं. तेही लागलं. पण आईकडून मी दुसरं काही धरून चालले नव्हते.

शाळेचं तुम्हाला माहीतच आहे. प्रवेशअर्जात धर्माच्या रकान्यात आम्ही आडवी रेघ मारली आणि दाखल्यावर वडिलांचं आडनाव बघून ‘ख्रिश्चन’ छापून आलं. तेव्हा तुम्हीच मला सप्टेंबर २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल काढून दिलात, की कुणालाही आपला धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही, आणि ‘मला धर्म नाही’ म्हणण्याचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमातच आहे. त्याच्या जोरावर मी भांडले. भाषणांत तुम्ही हा निकाल नास्तिकांचा विजय म्हणून सांगता. तो मिळवला कुणी, हे मात्र सांगत नाही. ते याचिकाकर्ते येशूला मानणारे होते. देवावर श्रद्धा होती, पण ख्रिस्ती किंवा कुठल्याच धर्माचा शिक्का नको होता, म्हणून ते कोर्टात गेले. म्हणजे ज्या हक्कावर तुम्ही टाळ्या घेता तो प्रार्थना करणाऱ्या माणसांनी मिळवून दिलेला आहे, सर. माझी लेक त्यांच्यातच बसते.

आता ती प्रार्थना कुठून आली ते सांगते. तुम्ही विचारलं असतंत तर तिनेच सांगितलं असतं. वसईच्या आजीला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ही आजीची रोझरी घेऊन बसली होती. त्या माळेतला एक मणी कधीतरी हरवला म्हणून आजीने तिथे बांगडीवाल्याकडचा निळा काचेचा मणी ओवून घेतलाय. निळा मणी बोटाखाली आला की ही थांबायची, कारण पुढचं तिला नीट पाठ नव्हतं. मग जे पाठ होतं ते म्हणायची. रोझरी हातात आणि ओठांवर रामरक्षा. मी शेजारी बसले होते, सर. मला काही वाटलं नाही असं नाही. मला देव नाही, पण मला लेक आहे. मी तिला थांबवलं नाही. आजी वाचली, ती डॉक्टरांमुळे वाचली असंच मी म्हणते, आणि लेकही म्हणते. “पण तेव्हा मला काहीतरी करायचं होतं,” असं ती म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचं इतकं स्वच्छ उत्तर मी तरी कुठल्या परिसंवादात ऐकलं नाही. आणि तुम्ही त्याला गोवर म्हणालात.

तुमच्या प्रत्येक भाषणात फुल्यांचं घर येतं. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलेलं, त्यांच्या पश्चात १८९१ साली छापलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. त्यातलं ते कुटुंब: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळी एका छपराखाली प्रेमाने नांदतायत. तुम्ही हे सांगताना आवाज खाली आणता, मला पाठ आहे. मी विद्यार्थिनी असताना हे पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकलं आणि मला असं घर हवंसं वाटलं. पण फुल्यांच्या त्या घरात प्रत्येक जण आपापला धर्मग्रंथ वाचून काहीतरी स्वीकारतो. कुणी कुणाला हसत नाही. फुल्यांनी भटशाहीवर आसूड ओढले, पण निर्मिकाला त्यांनी घराबाहेर काढलं नाही. तुमच्या कथनात मात्र त्या घरातल्या माणसांनी शेवटी चारही पुस्तकं रद्दीत घालावीत अशी अपेक्षा दडलेली असते. ती मला त्या संध्याकाळी दिसली.

ज्या आगरकरांची शपथ तुम्ही घेता, त्यांची जिवंतपणी पुणेकरांनी प्रेतयात्रा काढली. तरी पत्नी यशोदाबाईंच्या पूजेअर्चेच्या आड ते आले नाहीत. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाईंना बाप्तिस्मा घ्यायला पुढची पाच वर्षं लागली, आणि त्या मधल्या काळात त्यांना काय काय वाटलं ते त्यांनीच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय. वाट पाहणं म्हणजे काय ते तिथे कळतं. डॉक्टर दाभोलकरांच्या चळवळीची भूमिकाही तुम्हीच आम्हाला समजावली होती: विरोध शोषणाला, फसवणुकीला, देव मानण्याच्या हक्काला नाही. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला त्या संध्याकाळच्या निषेध सभेला तुमचा हात धरून आम्ही उभे होतो. विचारांचं उत्तर विचारानेच द्यायचं, असं तुम्ही तेव्हा म्हणालात. माझ्या पोरीच्या विचाराला तुम्ही विनोदाने उत्तर दिलंत.

वाद घालू नका असं मी म्हणत नाही. हा वाद आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे, हेही तुम्हीच शिकवलंत. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वर सिद्ध करायला युक्तिवाद रचले, आणि वेदांना प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांचं जग निर्माण करणाऱ्या ईश्वरावाचून काही अडलं नाही. पण त्या वादांत समोर तुल्यबळ माणूस असे, आणि त्याचं म्हणणं आधी नीट मांडल्याशिवाय खोडता येत नसे; पूर्वपक्ष म्हणजे तेच ना? सत्तरी ओलांडलेला मुरलेला वक्ता आणि पहिल्यांदा माईक हातात धरलेली आठवी-नववीतली मुलगी, यांच्यात कसला वाद होतो? बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९२ साली मान्यता दिली. त्याच्या चौदाव्या कलमात मुलांच्या विचार, विवेक आणि धर्माच्या स्वातंत्र्याची हमी आहे. त्या कलमावर तुमचा लेख आहे. मी परवा पुन्हा वाचला. चांगला आहे.

खरं दुखणं असं आहे, सर, की ती निवडत असताना निकाल तुमचा आधीच लागलेला होता. ती ‘देव नाही’ म्हणाली असती तर तुम्ही तिला स्टेजवर बोलावून पुस्तक भेट दिलं असतंत. ‘माहीत नाही’ एवढंच म्हणाली असती तरी पाठ थोपटली असतीत. स्वातंत्र्य तुम्ही तिला एकाच उत्तरापुरतं दिलं होतंत. माझी आई गोत्र विचारते, तुम्ही विवेक विचारता. पण आई तिला आपल्या बाजूला ओढते ते उघड उघड. तुम्ही आमच्या लग्नात सही करून ओढलंत.

आणि आता ऐकते की हा गोवरचा किस्सा तुम्ही दुसऱ्या गावच्या भाषणातही सांगितलात, तिथेही हशा झाला. नाव घेतलं नाहीत, पण ‘वसईच्या कॅथलिकाची मुलगी’ म्हणालात. आमच्याकडे ते पोचायला दोन दिवसही लागले नाहीत.

म्हणून मागणं दोनच. तो किस्सा भाषणातून काढा. आमचं घर यापुढे तुमच्या कुठल्याच मुद्द्याचं उदाहरण असणार नाही, बाजूचं नाही आणि विरोधाचंही नाही. आणि दिलगिरी व्यक्त करायची असेल तर मला फोन करू नका, ह्यांनाही नको. ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, ते ‘जाऊ द्या सर’ म्हणून मोकळे होतील. अपमान तिचा झालाय. पत्ता तोच आहे. पाकिटावर तिचं नाव घाला, आणि ‘बेटा’ न लिहिता नावाने लिहा. उत्तर द्यायचं की नाही ते ती ठरवेल.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी