खेळ संपतो कोठे?



मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर कॅरम खेळून रात्री डोळे मिटले, की काळ्या-पांढऱ्या सोंगट्या डोळ्यांपुढे घरंगळू लागतात. दिवसभर होडीतून फिरले, तर अंथरुणावर पडल्यावरही आपण डुलत आहोत असे वाटते. तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पुष्कळांना तो येतो. यंत्र बंद केलेले असते, दिवा मालवलेला असतो, पण मिटल्या डोळ्यांपुढे खेळ चालूच राहतो.

व्हिडिओ गेमवरून घरात वाद होतो, तेव्हा वडीलधारी मंडळी म्हणतात, "फुकट वेळ जातो." मुले म्हणतात, "त्यात काय एवढे? खेळच तर आहे!" माझ्या मते या दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात आणि तेथेच चुकतात. पडदा काळा झाला की खेळ संपला, असे दोघांनाही वाटते. प्रत्यक्षात खेळ आपल्या मेंदूत काहीतरी ठेवून जातो. ते काय असते हे पाहूनच खेळाची पारख करावी, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे एका जुन्या खेळाच्या उदाहरणाने पाहू.

सात आकारांचा खेळ

हा खेळ म्हणजे टेट्रिस. मॉस्को येथील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी तो १९८४ साली तयार केला. पाच-पाच चौरस जोडून केलेले आकार पेटीत बसवण्याचे एक कोडे असते. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. संगणकासाठी त्यांनी पाचाऐवजी चार चौरस घेतले. चार चौरस कडेला कड लावून जोडले, आणि तो आकार फिरवण्याची मुभा ठेवून पालथा घालण्याची मात्र ठेवली नाही, तर वेगवेगळे आकार किती होतील? वहीत काढून पाहा. बरोबर सातच होतात.

हे आकार एकामागून एक वरून खाली येतात. ते फिरवून, सरकवून असे बसवायचे की आडवी ओळ पूर्ण भरावी. भरलेली ओळ नाहीशी होते. पाझित्नोव्ह यांच्या 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकावर चित्रे काढण्याची सोय नव्हती, म्हणून पहिले आकार त्यांनी कंसाच्या चिन्हांनी दाखवले. खेळात ना गोष्ट, ना नायक, ना खलनायक. तरीही तो जगभर पसरला. आपल्याकडे १९९० नंतरच्या काळात 'ब्रिक गेम' नावाच्या, हातात मावणाऱ्या स्वस्त यंत्रावर तो अनेक घरांत आला.

खेळणाऱ्यांच्या लवकरच एक गोष्ट लक्षात आली. दुकानातील फळीवरचे खोके, रस्त्याकडेच्या इमारती, भिंतीतल्या विटा, जे दिसेल ते एकमेकांत कसे बसेल याचा विचार मन आपोआप करू लागते! या अनुभवाला 'टेट्रिस परिणाम' असे नाव पडले.

खेळ विसरले, चित्र उरले

हा निव्वळ भास की आणखी काही? हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. तो २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी २७ जणांना तीन दिवसांत मिळून सात तास टेट्रिस खेळायला दिले आणि झोप लागण्याच्या सुमारास मनात काय दिसते ते विचारले. २७ पैकी १७ जणांनी टेट्रिसचे आकार दिसल्याचे सांगितले. गंमत अशी, की त्यांना संगणक, टेबल किंवा ती खोली दिसत नव्हती. दिसत होते ते पडणारे, फिरणारे आकार. म्हणजे मेंदूने दिवसभराचे छायाचित्र जसेच्या तसे जपले नव्हते. ज्यावर लक्ष खिळले होते, तेवढेच त्याने उचलले होते.

परंतु या प्रयोगातील सर्वांत विलक्षण भाग पुढेच आहे. त्या २७ जणांत पाच रुग्ण होते. कानशिलांच्या आतल्या बाजूस, मेंदूत खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या घटना स्मरणात साठवण्याच्या कामी तो अत्यावश्यक असतो. या रुग्णांच्या मेंदूतील हा भाग निकामी झाल्यामुळे त्यांना नवे काही लक्षात राहत नसे. काल आपण एक खेळ खेळलो, हेही त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नव्हते. तरीही पाचांपैकी तिघांना झोपेच्या उंबरठ्यावर पडणारे आकार दिसले! खेळ विसरला होता, पण त्याचा ठसा उरला होता.

आता २७ ही संख्या लहान आहे, आणि तीन तर फारच लहान. एवढ्यावरून सर्व माणसांबद्दल ठाम विधान करणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु एक गोष्ट त्यावरून निश्चित दिसते. ठसा उमटण्यासाठी मेंदूला आपल्या परवानगीची गरज नसते, आठवणीचीसुद्धा नसते. "मी खेळतो आणि विसरून जातो," असे म्हणणाऱ्याने या तीन रुग्णांची आठवण ठेवावी.

ठसा औषधही होतो

मग असा ठसा वाईटच का? मुळीच नाही. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे केलेला प्रयोग पाहा. भयंकर अपघात पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ती दृश्ये नको असताना पुन्हा पुन्हा येतात. होम्स यांनी असा विचार केला, की मनात चित्रे उभी करण्याची आपली शक्ती एका वेळी मर्यादितच असते. ती दुसऱ्या चित्रांत गुंतवली, तर नको असलेले चित्र पक्के होण्यात अडथळा येईल. त्यांनी ४० जणांना क्लेशकारक दृश्यांचा चित्रपट दाखवला. अर्ध्या तासाने निम्म्या लोकांना दहा मिनिटे टेट्रिस खेळायला दिले, बाकीचे स्वस्थ बसून राहिले. पुढील आठवडाभर टेट्रिस खेळलेल्यांना ती दृश्ये कमी वेळा दिसली. चित्रपटात काय घडले हे मात्र त्यांना इतरांइतकेच आठवत होते. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाहन अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ७१ जणांचा अभ्यास झाला. अपघातानंतर सहा तासांच्या आत ज्यांना हा खेळ दिला, त्यांना पहिल्या आठवड्यात अशी दृश्ये सरासरीने ६२ टक्के कमी वेळा दिसली. ज्या खेळाला "रिकामटेकड्यांचा उद्योग" म्हटले जाते, तो येथे औषधाच्या जवळपास पोचला.

ठशाचा व्यापार

परंतु मेंदूचा हाच गुण ओळखून त्याचा व्यापारही करता येतो. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे केले की कबुतर थांबता थांबत नाही. आजच्या कित्येक खेळांत पैसे भरून उघडायच्या बंद पेट्या असतात. आत काय निघेल ते आधी कळत नाही. ही युक्ती त्याच कबुतराची आहे! २०१८ साली बेल्जियमने काही खेळांतील अशा पेट्या बेकायदा जुगार ठरवल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत 'गेमिंग विकार' हा आजार म्हणून नोंदलेला आहे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे. अर्थात थोडा वेळ आवडीने खेळणारा प्रत्येक मुलगा काही आजारी नसतो, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

पारख कशी करावी?

म्हणून माझा आग्रह असा, की "किती वेळ खेळलास?" एवढ्यावर थांबू नये. वेळेचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. झोप आणि मैदान यांना पर्याय नाही. पण त्याच्या जोडीला "खेळ बंद केल्यावर मनात काय उरले?" हाही प्रश्न विचारावा. आकार, मार्ग, डावपेच, एखादी गोष्ट उरली, तर त्या खेळाने काहीतरी दिले. केवळ "अजून एकदा" एवढीच हुरहुर उरली, तर त्याने घेतलेच अधिक. आणि या प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्याखेरीज दुसरा कोणी देऊ शकत नाही. म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी तो दरडावून नव्हे, तर कुतूहलाने विचारायला हवा.

त्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. एक आठवडा उशाशी वही-पेन्सिल ठेवा. झोपण्यापूर्वी डोळे मिटल्यावर काय दिसते ते एका ओळीत लिहा, आणि त्या दिवशी काय खेळलात, काय वाचलेत, काय पाहिलेत, तेही लिहा. वहीसाठी मुद्दाम जास्त खेळू नका. नेहमीचाच दिवस चांगला. आठवड्याच्या शेवटी सर्वांच्या नोंदी एकत्र करून कोणत्या गोष्टीचा ठसा किती जणांवर उमटला, याचा तक्ता करा. वहीत काय लिहिले यावरून मात्र कोणालाही रागवायचे नाही, एवढे शिक्षकांनी पाळावे.

आणि ठशाचे ज्ञान कसे करायचे, हे पाहायचे असेल तर आणखी एक गोष्ट करा. टेट्रिसचे सातही आकार आलेख कागदातून कापून काढा. त्यांत एकूण २८ चौरस भरतील. या सात तुकड्यांनी चार चौरस रुंद आणि सात चौरस लांब असा आयत भरून दाखवा. तुकडे हवे तसे फिरवा. जमणार नाही! ते का जमत नाही, याचे उत्तर बुद्धिबळाच्या पटात आहे. आयत एकाआड एक काळा-पांढरा रंगवा आणि प्रत्येक तुकडा किती काळी आणि किती पांढरी घरे झाकतो ते मोजा. एक तुकडा इतर सहांसारखा वागत नाही, हे तुमच्या लक्षात येईल.

तो कोणता, हे मी सांगणार नाही. आज रात्री डोळे मिटल्यावर तोच तुकडा तुमच्यापुढे फिरू लागला, तर फिरू द्या.