बारावीनंतर खेळायला परदेशी जायचं म्हणतोय



चिकूच्या सुकवणीचं राहिलेलं लिहायचं होतं, पण ते पुढच्या वेळी. या महिन्यात घरात एकच विषय चालू आहे आणि तुमच्यापैकी दोघी-तिघींनी तो देरासरच्या पायरीवर मला विचारलाही आहे. तेव्हा सरळ लिहूनच टाकते.

माझा भाचा तलासरीला असतो, हार्डवेअरचं दुकान आहे. त्याचा मुलगा सहा फूट चार इंच. आमच्या सात पिढ्यांत एवढं उंच कोणी झालं नाही, दाराच्या चौकटीला डोकं आपटतं म्हणून सगळे हसायचे. शाळेतल्या पीटीच्या सरांनी त्याच्या हातात बास्केटबॉल दिला आणि तेव्हापासून तो काही हातातून सुटला नाही. गेली तीन वर्षं शुक्रवारी रात्री तो माझ्याकडे डहाणूला मुक्कामाला येतो. शनिवारी पहाटे डहाणू रोडहून लोकल पकडून मुंबईला सरावाला जातो, रविवारी रात्री परत येतो. त्याचा डबा मी करते. कंदमूळ नाही, हे वेगळं सांगायला नको. मूग, चणे, पनीर, थेपले. एवढ्या जेवणावर एवढं धावतो कसा, हे मला अजून कोडं आहे.

बारावीचा निकाल लागला. मुंबईत कॉमर्सला खेळाडूंच्या कोट्यातून प्रवेश मिळेल असं दिसत होतं. तेवढ्यात ओळखीच्या ओळखीतून एका एजंटचा फोन आला. युरोपातल्या एका देशात दुसऱ्या डिव्हिजनचा क्लब आहे, राहणं-खाणं त्यांचं, महिन्याला थोडे पैसे, ऑगस्टमध्ये निघायचं. कॉलेज नको, थेट व्यावसायिक खेळाडू. पोरगा तर हवेतच. भाचा गप्प. भाचेसुनेनं मला फोन करून रडतच सांगितलं, "मावशी, तुम्ही तरी समजवा. ग्रॅज्युएशन तरी होऊ दे म्हणावं."

मी समजवायचं कबूल केलं. पण आधी काय ते समजून घेऊ म्हणून वाचायला बसले, आणि वाचता वाचता माझंच मत हललं.

असं करणारा हा काही पहिला नाही. अमेरिकेत शाळेतून थेट एनबीएत जाता यायचं. २००५ साली नियम झाला की खेळाडू १९ वर्षांचा हवा आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं हवं. मग ते एक वर्ष काय करायचं? बहुतेक जण कॉलेजात जायचे, पण तिथे खेळून पैसे घ्यायला बंदी होती. कॉलेज तिकिटं विकून आणि टीव्हीवर सामने दाखवून रग्गड कमावणार, मुलाला मात्र फी, राहणं आणि जेवण एवढंच. माझ्यासारख्या बी. कॉम. बाईला हा हिशेब पहिल्याच ओळीला खटकला. २००८ मध्ये ब्रँडन जेनिंग्ज नावाचा मुलगा कॉलेज सोडून इटलीत रोमच्या क्लबकडे गेला. तिथे त्याला मैदानात फारसं उतरवलंसुद्धा नाही. पण पुढच्या वर्षी एनबीएनं त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच मोसमात त्यानं एका सामन्यात ५५ गुण केले. ते पाहून २००९ मध्ये जेरेमी टायलर हा सान दिएगोचा मुलगा शाळेचं शेवटचं वर्षही न करता इस्रायलमध्ये हैफाला गेला. तिथे त्याचं जमलं नाही, मोसम संपायच्या आत घरी परतला. मग जपान. शेवटी एनबीएत पोचला तो ३९ व्या क्रमांकावर, आणि फार टिकला नाही. २०१९ मध्ये लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात खेळायला गेला, पायाला दुखापत झाली, डझनभर सामनेच खेळला, तरी २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

वाट एकच, निकाल तीन तऱ्हेचे. सगळे मला पोराने मोबाइलवर दाखवले. टायलरचं मात्र दाखवलं नाही, ते मी शोधलं.

आपल्या देशातला सतनाम सिंग भामरा माहीत असेल. पंजाबातल्या खेड्यातला, सात फुटांच्या वरचा. २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या अकादमीत गेला तेव्हा चौदा वर्षांचा होता, इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. तिथल्या कॉलेजात खेळायला अभ्यासाची जी अट असते ती त्याच्याकडून पुरी झाली नाही. म्हणून २०१५ मध्ये तो थेट एनबीएच्या निवडीत उतरला, ५२ व्या क्रमांकावर डल्लासनं घेतला. एनबीएच्या संघानं निवडलेला पहिला भारतीय. सगळीकडे पेढे वाटले गेले. पण एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही, आणि पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. त्यानं कॉलेज नाकारलं नव्हतं हे लक्षात घ्या. कॉलेजचा दरवाजाच त्याच्यासाठी बंद होता. मला हा फरक फार मोठा वाटतो. दोन्ही दरवाजे उघडे असताना एकातून जाणं निराळं, आणि एकच उघडा आहे म्हणून जाणं निराळं.

मुलींमध्ये आपल्याकडच्या कविता अकुला, संजना रमेश या अमेरिकेतल्या कॉलेजांच्या संघांत शिष्यवृत्तीवर खेळल्या. म्हणजे खेळही आणि पदवीही. मुलगी असेल तर घरचे याच वाटेला "हो" म्हणतात, कारण सांगायला "शिकायला गेली" असं सांगता येतं.

आता माझं म्हणणं. भाचेसून म्हणते ग्रॅज्युएशन तरी होऊ दे. तुम्हीही बहुतेक जणी तेच म्हणालात. मला विचारायचंय, आपण कॉलेजला इतकं कधीपासून मानायला लागलो? आपल्याच समाजात किती मुलगे अठराव्या वर्षी वडिलांच्या गादीवर बसले आणि एफ. वाय. नंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा कोणी रडलं नाही, उलट "पोरगा हाताशी आला" म्हणून बरं वाटलं. माझ्या भाच्यानं स्वतः तेच केलं. आणि हे लिहिताना हात थोडा थांबला, पण लिहिते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी शाळा-कॉलेज सोडून दीक्षा घेते तेव्हा आपण वरघोड्यात पुढे असतो, अनुमोदना करतो. तिला कोणी म्हणत नाही की आधी पदवी घे. संयमाचा मार्ग आणि चेंडूचा खेळ एका तराजूत घालत नाही मी, कोणी तसं वाचू नये. मी एवढंच म्हणते की लहान वयात मूल एखाद्या गोष्टीसाठी सगळं सोडू शकतं आणि ते त्याला पेलतं, हे आपल्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल? मग खेळाच्या वेळीच कॉलेज एवढं पवित्र का होतं? कारण भीती पदवीची नाहीच. लोकांना काय सांगायचं, उद्या मुलगी कोण देणार, आणि तिकडे तो खाणार काय, या तीन भीती आहेत आणि आपण त्यांना पदवीचं नाव देतो.

खाण्याचं मी त्याला विचारलं. म्हणाला, "आजी, डाळ-भात मी करायला शिकलोय. बटाटा-कांदा खाणार नाही. पण चौविहार जमेल असं खोटं सांगत नाही, सामने रात्री असतात." मला हे उत्तर आवडलं. जे जमणार नाही ते आधीच सांगितलं. प्रोटीनसाठी पावडर लागेल म्हणाला, तर डब्यावरचं सगळं वाचून घे एवढंच बजावलं.

आमच्या महाराष्ट्राचं उदाहरण द्यायचं तर सचिनचं घ्या. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक, म्हणजे घरात कॉलेजच होतं. तरी मुलगा १९८९ मध्ये सोळाव्या वर्षी कराचीत कसोटी खेळला. १९९२ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना यॉर्कशायर काउंटीनं त्याला बोलावलं. ते लोक तोवर आपल्या काउंटीत जन्मलेल्यांनाच घ्यायचे, बाहेरच्या देशातला हा त्यांचा पहिलाच खेळाडू. प्राध्यापक बाप "आधी बी. ए. हो" म्हणून अडून बसला असता तर? पण इथेही हिशेब नीट मांडायला हवा. सचिन गेला तेव्हा कसोटीत नाव झालेलं होतं, मागे त्याचं क्रिकेट मंडळ होतं. आमच्या पोराच्या मागे कोण? तलासरीचं हार्डवेअरचं दुकान.

म्हणून कॉलेज सोडायला माझा विरोध नाही, त्या एजंटच्या कागदाला आहे. तो कागद मी चष्मा लावून दोन दुपारी वाचला. बी. कॉम. झाल्यावर मला सी. ए.ची आर्टिकलशिप करायची होती, त्याऐवजी लग्न झालं. पदवी ट्रंकेत गेली आणि मी ह्यांच्या दुकानाची रोजकीर्द लिहीत राहिले. चाळीस वर्षांनी त्या शिक्षणाचा मला एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. कागदात महिन्याचा पगार ठळक अक्षरांत होता. दुखापत झाली तर औषधपाण्याचा खर्च कोणाचा, याबद्दल एक ओळ नाही. मोसम अर्धवट सोडायची वेळ आली तर परतीचं तिकीट कोणाचं, तेही नाही. क्लबची सही नाही, फक्त एजंटची. आणि "प्रोसेसिंग"साठी पैसे आधी आम्हीच भरायचे. नोकरी देणारा पगार देतो, मागत नाही, हे दुकानातल्या हमालालासुद्धा कळतं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेचा, फिबाचा, नियम आहे की अठरा वर्षांखालच्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात सहसा जाता येत नाही. खास बाब म्हणून परवानगी देतात, पण तेव्हा मुलाच्या शिक्षणाची किंवा पुढच्या कामधंद्याची सोय नवा क्लब काय करणार, हे पाहिलं जातं. अठरा झाल्यावरही आपल्या देशाच्या फेडरेशनचं ना-हरकत पत्र लागतंच. आमचा पोरगा दिवाळीनंतर अठराचा होणार. मग ऑगस्टमध्ये तो तिथे खेळणार कसा? एजंटला हे माहीत नसेल तर तो बिनकामाचा, आणि माहीत असेल तर त्याहून वाईट. फिबा एजंटना परवाना देते आणि परवानाधारकांची यादी सगळ्यांना पाहता येते. तुमच्या घरात असा फोन आलाच तर पेढे आणण्याआधी त्या यादीत नाव शोधा.

अजून एक, जे पोराला आवडलं नाही. अमेरिकेतल्या मुलांनी कॉलेज सोडून बाहेर जाण्याचं मुख्य कारण पैसा होतं. २०२१ पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. लगेच वारं फिरलं. शाळेतून निघालेल्या मुलांसाठी एनबीएनं २०२० मध्ये खास काढलेला इग्नाइट नावाचा संघ २०२४ मध्ये बंदही झाला. आपला प्रिन्सपाल सिंग त्याच संघात पहिल्या मोसमात होता. आता तर युरोपातल्या क्लबांची मुलं उलट अमेरिकेच्या कॉलेजांत जातायत. रेआल माद्रिदचा येगोर द्योमिन असाच गेला आणि वर्षभरात एनबीएत पोचला. म्हणजे ज्यांचं पाहून आपण कॉलेज सोडायचं म्हणतो, ते परत कॉलेजकडे वळलेत. शिक्षणाचं प्रेम उतू चाललंय म्हणून नव्हे, हिशेब बदलला म्हणून. हिशेब दर वर्षी नव्यानं मांडायचा असतो.

भाचेसुनेला मी काय सांगितलं ते ऐका. त्याला कॉलेजात नाव घालू दे, या वर्षी मुंबईत खेळू दे. अठरा पूर्ण झाल्यावर क्लबची सही असलेला, औषधपाणी आणि परतीचं तिकीट लिहिलेला कागद आला, तर त्याला अडवू नकोस. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. कॉम. नंतरही करता येतं. पंचविसाव्या वर्षी परीक्षेला बसता येईल, पण पंचविसाव्या वर्षी उडी मारायला नव्यानं शिकता येत नाही. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्याच्या?" मी म्हटलं, कागद वाचणाऱ्याच्या.

पोरगा माझ्यावर चार दिवस रुसला होता. मग त्यानंच एजंटला तीन प्रश्न लिहून पाठवले: परवाना क्रमांक काय, दुखापतीचा खर्च कोणाचा, आणि अठराच्या आत परवानगी कशी मिळवणार. तेरा दिवस झाले, उत्तर नाही. भाच्यानं पैसे भरले नाहीत, एवढं बरं.

शुक्रवारी तो आला. जेवताना काही बोलला नाही. रात्री बॅग भरताना विचारलं, "आजी, कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?" मी सांगितली. पहाटे डब्यात मेथीचे थेपले दिले आणि दारापर्यंत सोडायला गेले. चौकटीपाशी आता तो आपोआप वाकतो.

तुमच्या घरात कोणी मुलगी खेळत असेल तर मला जरूर कळवा. मुलीचं असतं तर मी एवढ्या सहज "अडवू नकोस" म्हटलं असतं का, हे मी स्वतःला विचारतेय आणि उत्तर अजून नीट येत नाहीये.

काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.