एका तुकड्याने काय होतं?

परवा डोंबिवलीहून मोठ्या आत्याचा फोन आला. गणपतीला आम्ही सगळे येतोय, किती माणसं, कोण कुठे झोपणार वगैरे झाल्यावर तिने विचारलं, "आणि बंड्याचं काय? अजून त्याचं ते पेशंटचं जेवणच चालू आहे?" मी हो म्हटलं. त्यावर आत्या म्हणाली, "अरे, किती छळशील मुक्या जीवाला! सणासुदीला एका तुकड्याने काय होतं?"

तर मंडळी, एका तुकड्याने काय होतं ते आज सविस्तर सांगायचं आहे. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण चतुर्थीला आमच्याच ओटीवर असणार आहेत, म्हणून आधीच लिहून ठेवतो. राग आला तर येऊ दे, पाच दिवसांत निवळेल :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बंड्या आमचा गावठी कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी रेवदंडा बंदरावर एका उलट्या होडीखाली कुडकुडत बसलेला सापडला. असायला हवा १२ किलोचा, भरला १५. त्याबद्दल आम्हाला कौतुकच होतं, "खात्यापित्या घरचा" म्हणून!

यंदाच्या गटारीला घरात सात माणसं होती. मटण होतं. प्रत्येकाने बंड्याला प्रेमाने एकेक तुकडा दिला. कुणी चरबीचा, कुणी हाडाला चिकटलेला, कुणी रश्शाचा तवंग भातावर ओतून. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. दुपारी तो पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहिला. बाबा हसून म्हणाले, "बघ, नमस्कार घालतोय." आम्ही सगळेच हसलो. तो नमस्कार नव्हता. पोटात असह्य दुखायला लागलं की कुत्री अशी उभी राहतात, हे रात्री अलिबागला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

त्याच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. पॅन्क्रियाटायटिस. स्वादुपिंड अन्न पचवणारे पाचक रस तयार करतं. ते रस आतड्यात पोचल्यावरच कामाला लागायचे असतात. या आजारात ते जागच्या जागीच चालू होतात आणि ज्या अवयवाने त्यांना बनवलं त्यालाच पचवायला लागतात. तीन दिवस सलाइन, उलटी थांबवायचं औषध, वेदनाशामक. बाहेर धो धो पाऊस. समोरच्या किनाऱ्यावर मुंबई, परळचं बैलघोडा हॉस्पिटल, १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज, सगळं आहे. पण मध्ये समुद्र. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद. २०२० मध्ये मांडव्याहून रो-रो सुरू झाली, पण हवा बिघडली की तिचाही भरवसा नाही. तिसऱ्या रात्री आम्ही त्याची आशा सोडली होती.

आता तुमचे मुद्दे एकेक घेतो.

पहिला, एक तुकडा. १२ किलोच्या कुत्र्याला दिवसभर नुसतं पडून राहायला साधारण ४५० कॅलरी लागतात. ५० ग्रॅम निव्वळ चरबीत तेवढ्याच असतात. आपल्याला जो "एक तुकडा" वाटतो तो ६० किलोच्या माणसाच्या हिशेबात पाचपट होतो. आणि घरात सात हात असले की एक तुकडा एक कधीच नसतो.

दुसरा, "गावठी आहे, त्यांना काही होत नाही." होतं. आपल्याला दिसत नाही इतकंच. ज्याला होतं तो सुरूच्या बनात जाऊन पडतो आणि दोन दिवसांनी आपण म्हणतो, "मेला बिचारा, काहीतरी खाल्लं असेल." रविवारी संध्याकाळी नागावच्या किनाऱ्यावर जाऊन बघा, पर्यटक कौतुकाने काय काय फेकत असतात ते. सोमवारी त्या कुत्र्यांचं काय होतं ते बघायला त्यातलं कुणी थांबलेलं नसतं.

हे मान्य, की या आजाराचं कारण कित्येकदा सापडतच नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. फक्त तुकड्यानेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण लठ्ठपणा आणि चरबीचं खाणं हे धोके माहीत असलेले आहेत, आणि एकदा झालेला आजार उलटू शकतो. कारण नक्की ठाऊक नाही, म्हणून आगीत तेल ओतायला हरकत नाही, हे कुठलं शास्त्र?

तिसरा मुद्दा खास आत्याचा: नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. आत्या, नामदेवांनी आपल्या पानातलं सगळ्यात चांगलं द्यायला धाव घेतली. आपण काय देतो? आपल्याला नको असलेली चरबी, कोंबडीची कातडी, माशाचं तळलेलं डोकं, उरलेलं हाड. ताटात जे टाकायचंच असतं ते त्याच्यापुढे टाकायचं आणि त्याला माया म्हणायचं! शिजवलेल्या हाडाच्या अणकुच्या होऊन आतडं फाटू शकतं, कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. म्हणजे आपला अख्खा रस्सा आणि अख्खा नारळीभात बाद.

आजारातून उठलेल्या कुत्र्याचा खरा वैरी म्हणजे आपलं पंचांग. गटारी संपली की पंधरा दिवसांत नारळी पौर्णिमा, करंज्या. मग गणपती, तूप सोडलेले मोदक. ओल्या खोबऱ्यातही चरबी असते हे कोकणातल्या माणसाला सांगणं म्हणजे धर्म बुडवणंच.

आणि आता अवघड गोष्ट. आई गेल्यापासून बाबांच्या पानातला पहिला घास बंड्याचा असतो. बाबा ७८ वर्षांचे. दिवसभरात माणसांशी दहा वाक्यं बोलत असतील, बाकीची बंड्याशी. तो घरी आल्यावर पाचव्या दिवशी बाबा वाडीत, माडाच्या आडोशाला, कागदात लपवून आणलेली तळलेल्या सुरमईची कातडी त्याला भरवत होते. मी पाहिलं आणि ओरडलो. नको ते बोललो. "तुम्हीच मारणार त्याला," असं म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत. दोन दिवस ते आमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

मी ओरडलो ते चुकलंच. सांगितलं ते चुकलं नाही. कारण बाबांचा आनंद त्या कातडीत नव्हताच, तो हातावर लागणाऱ्या ओल्या जिभेत होता. तिसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हापासून बंड्याचं स्वयंपाकघर बाबांकडे आहे. मऊ भात, कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीचं उकडलेलं मांस. तेल नाही, मीठ नाही, कांदा-लसूण नाही. पाच वेळा थोडंथोडं. पूर्वी अशा कुत्र्याला कित्येक दिवस उपाशी ठेवत. आता उलट्या आटोक्यात आल्या की लवकर, पण बेताने खायला द्यायला सांगतात. बाबा काट्यावर मोजून घेतात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहितात आणि हाताने भरवतात. बंड्याची शेपटी सुरमईला जितकी हलायची तितकीच हलते. मी मुद्दाम बघितलं आहे.

म्हणून गणपतीला येणाऱ्यांना सूचना. ओटीवर एक स्टीलचा डबा असेल, त्यात उकडलेल्या गाजराच्या आणि दुधीच्या फोडी. ज्याला बंड्यावर प्रेम करायचंय त्याने डबा उघडायचा आणि एकच फोड द्यायची. डब्याचा हिशेब बाबा ठेवणार आहेत, त्यांच्याशी वाद घालून दाखवा.

असो. मोदक भरपूर आहेत, तुमच्यासाठी. आत्या, तू ये नक्की.