प्रत्यारोपणानंतरचें वर्ष

लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा रुग्ण मूळपेशींचें प्रत्यारोपण होऊन घरीं परतला, कीं आप्तेष्ट पेढे वाटतात, सत्यनारायण घालतात आणि ‘सुटला एकदांचा’ असें म्हणून निश्चिंत होतात. त्यांचा आनंद आम्हांस समजतो. त्यामागील समजूत मात्र घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

उपचाराची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. उलटलेल्या, पण औषधांस दाद देणाऱ्या आक्रमक लिम्फोमांत पांच वर्षांनीं हयात असणाऱ्यांचें प्रमाण नुसत्या केमोथेरपीनें शेंकडा ३२, तर रुग्णाच्याच पेशींच्या प्रत्यारोपणानें ५३ भरलें, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पार्मा चाचणीनें दाखविलें. परंतु ज्या तीव्र औषधांनीं कर्करोग जळतो, त्यांनींच शरीराची संरक्षणशक्तिही खालावते. रक्तांतील पांढऱ्या पेशींची संख्या कांहीं आठवड्यांत सावरते. त्यांचें सामर्थ्य परतावयास महिने, कधीं वर्षें लागतात. या अवधींत बालपणींच्या कांजिण्यांचा, मज्जातंतूंच्या मुळाशीं निजलेला विषाणु नागिणीच्या रूपानें उठतो. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांत जुना हिपॅटायटिस-बी पुन्हा पेटूं शकतो. दुसऱ्याच्या पेशी घेतल्या असल्यास सायटोमेगॅलो विषाणूचें भय विशेष. हे शत्रु घरांतलेच. त्यांजपुढें नुसती स्वच्छता काय करणार? नागिणीसाठीं असायक्लोव्हिरची गोळी साधारणतः वर्षभर घ्यावी लागते, आणि बरें वाटूं लागतांच तीच नकोशी होते!

बाहेरचा शत्रु तर आपणच पाहुणचारानें आंत घेतों. ज्या घरांत देवघरापाशीं सोंवळें कसोशीनें पाळतात, त्याच घरांत शिंकणाऱ्या पाहुण्यास ‘आज येऊं नका’ म्हणणें उद्धटपणाचें ठरतें. वस्तुतः तेंच खरें सोंवळें होय.

‘ही रुग्णाची कैदच झाली’ असा आक्षेप येईल. पण ही कैद मुदतीची आहे. बालपणींच्या लसी पुन्हा टोंचावयाच्या असतात. निर्जीव लसी साधारणतः सहा ते बारा महिन्यांनीं, गोंवरासारख्या सजीव लसी दोन वर्षांनंतर, त्याही डॉक्टरांच्या संमतीनेंच. घरच्यांनीं इन्फ्लुएंझाची लस दरसाल घेतली, तर बंधनांचा भार कांहींसा हलका होतो.

मुंबईच्या टाटा रुग्णालयांत अस्थिमज्जा-प्रत्यारोपण १९८३ सालींच झालें. इतक्या काळानंतरही खर्चाचा अंदाज रुग्ण घरीं जाण्याच्या दिवसापाशीं थांबावा, हें आम्हांस मान्य नाहीं. गोळ्या, रक्ततपासण्या, लसी हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णालयांनीं तो पहिल्याच दिवशीं सांगावा; विमा व मदतनिधि यांनीं तो मोजावा; आणि कुटुंबानें पेढे वर्ष सरल्यावर वाटावेत.